उंची कमी म्हणून राजकुमार नाही! बॅलेमध्ये शरीर बघून भूमिका कशी ठरते?

२०१० साली आलेल्या 'ब्लॅक स्वान' या सिनेमाच्या क्लिप्स अजूनही रील्समध्ये अधूनमधून दिसतात. नॅटली पोर्टमनची नीना ही न्यूयॉर्कमधली बॅले डान्सर. तिला 'स्वान लेक'मधली मुख्य भूमिका हवी असते. अडचण एवढीच की या भूमिकेत एकाच नर्तकीला दोघी व्हावं लागतं. शापामुळे हंस झालेली साधी, घाबरलेली ओडेट आणि तिच्यासारखीच दिसून राजपुत्राला फसवणारी ओडील. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की पांढरा हंस नीनाच्या अंगातच आहे, काळा हंस मात्र तिच्यात कुठे दिसत नाही.

पुढे सिनेमा भयपटाच्या वाटेनं जातो आणि पोर्टमनला ऑस्कर मिळवून देतो. पण नीनाची मूळ अडचण पटकथाकारांच्या डोक्यातून आलेली नाही. 'तू अशी दिसतेस, तर तू हेच कर' हे बॅलेच्या जगात अडीचशे वर्षांहून जास्त काळ ऐकवलं जातंय. त्यासाठी खास फ्रेंच शब्दही आहे, 'आंप्लुआ'. मूळ अर्थ नेमणूक किंवा काम. बॅलेत त्याचा अर्थ होतो, तुझी उंची, तुझे पाय, तुझा चेहरा आणि तुझा स्वभाव बघून तुला नेमून दिलेला भूमिकांचा कप्पा.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. जुन्या नाटक कंपन्यांमध्ये नटाची ओळखच 'राजापार्ट', 'स्त्रीपार्ट' अशी असायची. सिनेमात निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, आणि खऱ्या आयुष्यात हा माणूस सेवा दलाचा कार्यकर्ता होता. पण एक फरक आहे. सिनेमात ठप्पा बसतो तो बहुतेकदा एखादी भूमिका गाजल्यावर. बॅलेत तो स्टेजवर पाय ठेवायच्या आधी बसतो, आणि तोही हाडांच्या मापावरून.

एकाच बॅलेत सगळे कप्पे

हे कप्पे नेमके कोणते, ते समजून घ्यायला सगळ्यात सोपं उदाहरण योगायोगानं भारताचंच आहे. म्हणजे, कागदावरच्या भारताचं. 'ला बायादेर' हा बॅले १८७७ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिल्यांदा झाला. तो बसवणारे मारियस पेटिपा कधी भारतात आले नव्हते, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पण हा बॅले आजही जगातल्या मोठ्या कंपन्या करतात.

गोष्ट अशी. निकिया ही देवळातली नर्तकी. तिचं सोलोर या योद्ध्यावर प्रेम. राजाला आपल्या मुलीचं, गमझत्तीचं, लग्न सोलोरशी लावायचंय. फुलांच्या टोपलीतून साप येतो, निकिया मरते, सोलोर अफू ओढतो आणि त्याला स्वप्नात निकियाच्या सावल्या दिसतात.

आता भूमिका कोणाला मिळतात बघा.

सोलोर करायला लागतो उंच, लांब पायांचा, रुंद खांद्यांचा नर्तक. तो नुसता उभा राहिला तरी मोठ्या घरचा वाटला पाहिजे. फ्रेंचमध्ये त्याला 'दांसर नोब्ल' म्हणतात, म्हणजे खानदानी नर्तक. 'स्वान लेक'चा राजपुत्र, 'स्लीपिंग ब्यूटी'चा राजपुत्र, 'जिझेल'मधला वेष बदलून आलेला सरदार अल्ब्रेख्ट, हे सगळे याच माणसाच्या वाट्याला येतात.

लग्नाच्या प्रसंगात अंगाला सोनेरी रंग फासलेली एक मूर्ती जिवंत होऊन नाचते. ही भूमिका मूळ बॅलेत नव्हती. निकोलाय झुबकोव्स्की या नर्तकानं १९४८ मध्ये ती स्वतःसाठी बसवली. नाच दोन-तीन मिनिटांचाच, पण त्यात उड्या आणि गिरक्या इतक्या कठीण की टाळ्या बहुधा इथेच सगळ्यात जास्त पडतात. ही भूमिका सहसा बुटक्या, चपळ, दणकट मांड्यांच्या नर्तकाला देतात. तो येतो, थिएटर दणाणून सोडतो आणि निघून जातो. गोष्टीत त्याचं पुढे काहीच होत नाही. अशा नर्तकांचा कप्पा म्हणजे 'देमी-कारॅक्तेर'. विदूषक, नायकाचा मित्र, 'जिझेल'मधल्या शेतकरी जोडीतला पोरगा, हे त्यांचं खातं.

तिसरा कप्पा 'कॅरेक्टर' नर्तकांचा. 'ला बायादेर'मधले अग्नीभोवती नाचणारे फकीर हेच करतात. लोकनृत्यासारखे नाच, टाचांचे बूट, भडक अभिनय. रशियात हा जवळजवळ वेगळा व्यवसायच आहे. अनेक जण अख्खी कारकीर्द यात काढतात आणि नायकाच्या भूमिकेच्या जवळपासही जात नाहीत.

मुलींमध्ये निकियासाठी लांब हात, मऊ पाठ, करुण चेहरा शोधतात. गमझत्तीसाठी गिरक्यांमध्ये तरबेज आणि बघताच तोरा जाणवेल अशी मुलगी लागते. आणि त्या प्रसिद्ध सावल्या? सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरमध्ये पांढऱ्या पोशाखातल्या ३२ जणी एकामागून एक उतारावरून खाली येतात, प्रत्येक जण तीच हालचाल पुन्हा पुन्हा करत. त्यांच्यात एकीची उंची जरी वेगळी असली तरी ओळ मोडलेली दिसते. इथे कप्प्याचा नियम एकच, उठून दिसायचं नाही.

यातलं गणित किती आणि सवय किती?

मग सोनेरी मूर्ती करणाऱ्याला सोलोर करावासा वाटला तर? उत्तर नेहमी एकच मिळतं. उंची.

या उत्तरात तथ्य आहे, ते झटकून टाकता येत नाही. नर्तकी पॉइंट शूज घालून बोटांच्या टोकावर उभी राहते तेव्हा तिची उंची साधारण १५ सेंटिमीटरनं वाढते. म्हणजे १६५ सेंटिमीटरची मुलगी क्षणात १८० ची होते. तिच्या डोक्यावरून हात नेऊन तिला एका बोटाभोवती फिरवायचं, कंबर धरून तोल सांभाळायचा, मग दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरायचं. जोडीदार १६८ चा असेल तर दोघांनाही त्रास, आणि पाठीच्या दुखापतीची टांगती तलवार. म्हणून उंच मुलींचंही तेच होतं. जोडीला कोणी मिळत नाही म्हणून भूमिका हातातून जाते.

दुसरं कारण रंगमंचाचं. बॅलेत संवाद नसतात. तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या प्रेक्षकाला चेहरा दिसत नाही, दिसतो फक्त आकार. राजपुत्र कोण आणि त्याचा नोकर कोण, हे त्या आकारावरून कळावं असं दिग्दर्शकांना वाटतं.

पण गणित इथेच संपतं. बुटक्या मुलासाठी बुटकी जोडीदार शोधता येते. आणि राजपुत्र उंचच असतो, हे कुठल्या गणितात बसतं? युरोपच्या इतिहासात बुटक्या राजांची काही कमतरता नव्हती. ही सवय आहे, आणि ती कुठून आली हे शोधता येतं.

सुरुवात राजाच्या दरबारातून

फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. १६६१ मध्ये त्यानं नृत्याची राजेशाही अकादमी काढली. दरबारातला नाच म्हणजे आपण कोणत्या दर्जाचे आहोत हे चालण्या-वाकण्यातून दाखवणं. पुढे नाच दरबारातून थिएटरमध्ये गेला तेव्हा हा दर्जा सोबत गेला.

१८ व्या शतकापर्यंत पॅरिसच्या ऑपेरात नाचाचे तीन प्रकार पक्के झाले होते. गंभीर किंवा खानदानी, मधला आणि विनोदी. नृत्यदिग्दर्शक जाँ-जॉर्ज नोव्हेर यांनी १७६० मध्ये नृत्यावरची पत्रं प्रसिद्ध केली. त्यात कोणत्या प्रकाराला कसं शरीर शोभतं याचा हिशोब आहे. खानदानी नाचाला उंच आणि रुबाबदार, मधल्याला मध्यम बांध्याचा आणि विनोदीला सगळ्यात बुटका. गंमत म्हणजे हेच नोव्हेर बॅलेतले मुखवटे आणि जडजड पोशाख काढून टाका म्हणणारे सुधारक होते. पण शरीराच्या वर्गवारीला त्यांनीही हात लावला नाही.

ती वर्गवारी मोडली एका घराण्याच्या मुलानं. गाएतान व्हेस्ट्रिस हे त्या काळचे खानदानी शैलीचे सगळ्यात मोठे नर्तक. लोक त्यांना 'नृत्याचा देव' म्हणायचे, आणि त्यांचंही त्याबद्दल दुमत नव्हतं. त्यांचा मुलगा ओग्युस्त. त्याची आई मारी अलार्ड हलक्याफुलक्या, विनोदी नाचासाठी प्रसिद्ध. ओग्युस्त बापासारखा रुबाबदार बांध्याचा नव्हता. पण त्यानं बापाचा डौल आणि स्वतःच्या उड्या-गिरक्या एकत्र केल्या. जुन्या जाणत्यांनी प्रकारांची भेसळ झाली म्हणून बरीच ओरड केली. प्रेक्षकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं.

आता याच ओग्युस्त व्हेस्ट्रिसचा एक किस्सा. तो पुढे गुरू झाला तेव्हा ज्यूल पेरो हा तरुण त्याच्याकडे शिकायला होता. अतिशय ताकदीचा नर्तक, पण दिसायला कुरूप. व्हेस्ट्रिसनं त्याला बजावलं असं सांगतात की सतत फिरत राहा, उडत राहा, लोकांना तुझ्याकडे नीट बघायला वेळच देऊ नकोस. स्वतः साचा मोडून मोठा झालेला माणूस, पण शिष्याला मात्र तो साच्यात कसं लपायचं ते शिकवतोय. पेरोनं पुढे 'जिझेल'च्या नृत्यरचनेत मोठा वाटा उचलला. आज बॅलेचं नाव काढलं की आठवणाऱ्या पहिल्या दोन-चार कलाकृतींपैकी ती एक आहे.

दहाव्या वर्षी निकाल

फ्रान्समधून ही पद्धत रशियात गेली आणि तिथे तिची शाळा झाली. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोव्हा अकादमीत मुलांना साधारण दहाव्या वर्षी घेतात. प्रवेशाच्या वेळी डॉक्टर तपासतात. पाय कंबरेतून बाहेरच्या बाजूला किती वळतात, तळपायाची कमान किती, मान किती लांब, उडी किती उंच. पुढे आठ वर्षांचं शिक्षण. त्यातही कोण कशात चालेल हे शिक्षकांच्या डोक्यात हळूहळू पक्कं होत जातं.

ही मापं निसर्गाच्या नियमासारखी कायमची आहेत असं सांगितलं जातं, पण ती बदलत आली आहेत. १८९० च्या दशकात रशियात इटालियन नर्तकींची हवा होती. पिएरिना लेन्यानीनं १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये ओडेट आणि ओडील केल्या. ३२ सलग गिरक्या हे तिचं हुकमी अस्त्र. मजबूत पाय, आटोपशीर, दणकट बांधा, अशी चांगल्या नर्तकीची व्याख्या तेव्हा होती. त्याच काळात शाळेत ॲना पावलोव्हा नावाची एक अतिशय किडकिडीत मुलगी शिकत होती. इटालियन करामती तिच्या अंगाला झेपत नव्हत्या, आणि त्यांच्या मागे लागू नकोस असं तिच्या शिक्षकांनीच तिला सांगितलं. पुढे ती जगप्रसिद्ध झाली, १९२० च्या दशकात मुंबईतही नाचून गेली, आणि नर्तकी म्हणजे किडकिडीत हा नवा साचा तयार झाला. नंतर न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलन्चिन यांनी तो आणखी ताणला. छोटं डोकं, लांब मान, लांबच लांब पाय. आज ज्याला 'बॅले बॉडी' म्हणतात तिचं वय फार तर शंभर-सव्वाशे वर्षं आहे.

दहाव्या वर्षाची ती वेळ चुकली तर काय होतं, हे मुंबईनं जवळून पाहिलंय. सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा २०२० चा सिनेमा अनेकांनी नेटफ्लिक्सवर पाहिला असेल. तो मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह या दोन मुलांच्या खऱ्या गोष्टीवर बेतलेला आहे. दोघंही साध्या घरातले, दोघांचे गुरू एकच, येहुदा माओर. अमिरुद्दीन लहान वयात सुरुवात करून २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. मनीष बॅलेकडे वळला तो विशीच्या आसपास. तो कितीही मेहनती असला तरी जे शरीर दहाव्या वर्षापासून घडवायचं, ते घडवायला त्याला तेवढा वेळ मिळणार नव्हता. त्याच्यावर पुढे 'कॉल मी डान्सर' नावाचा माहितीपट आला. आज त्याचं नाव आहे ते न्यूयॉर्कमधल्या समकालीन नृत्यात, राजपुत्रांच्या बॅलेत नाही.

बारिश्निकोव्ह राजकुमार कसा झाला?

'सेक्स अँड द सिटी' पाहिलेल्यांना कॅरीचा रशियन प्रियकर आठवत असेल. तो अभिनेता म्हणजे मिखाईल बारिश्निकोव्ह, २० व्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ नर्तकांपैकी एक. उंची १६८ सेंटिमीटरच्या आसपास.

१९६७ मध्ये तो लेनिनग्राडच्या किरोव्ह बॅलेत दाखल झाला. पहिली भूमिका कोणती? 'जिझेल'मधल्या शेतकरी जोडीतला पोरगा. म्हणजे बरोबर त्याच्या कप्प्यातली. तंत्र असं की त्याला बघून जाणकार थक्क व्हायचे, पण उंची कमी, चेहरा पोरसवदा, त्यामुळे त्याला देमी-कारॅक्तेर ठरवण्यात आलं.

याच काळात लिओनिद याकोबसन या नृत्यदिग्दर्शकानं त्याच्यासाठी एक एकल नृत्य बसवलं. नाव होतं 'व्हेस्ट्रिस'. तोच ओग्युस्त व्हेस्ट्रिस, ज्यानं दोनशे वर्षांपूर्वी प्रकारांची भेसळ केली होती. काही मिनिटांत बारिश्निकोव्ह म्हातारा होतो, छचोर होतो, मरणासन्न होतो. १९६९ च्या मॉस्को आंतरराष्ट्रीय स्पर्धेत याच नाचासह त्यानं सुवर्णपदक मिळवलं. एका कप्प्यात न मावणाऱ्या माणसासाठी याहून नेमका विषय शोधून सापडला नसता.

किरोव्हमध्ये नंतर त्याला अल्ब्रेख्टसारख्या भूमिका मिळाल्याही. पण नवं काम करायला वाव नव्हता. १९७४ मध्ये कॅनडाच्या दौऱ्यावर असताना टोरांटोमध्ये तो सोव्हिएत चमूतून पळाला. महिना-दीड महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'जिझेल'चा अल्ब्रेख्ट म्हणून उभा होता. त्याच्याच 'नटक्रॅकर'मध्ये तो राजपुत्र झाला, आणि तो प्रयोग १९७७ मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवरून घरोघर पोचला. ट्वायला थार्प यांनी १९७६ मध्ये त्याला घेऊन 'पुश कम्स टू शव्ह' बसवला, ज्यात तो ना राजपुत्र होता ना विदूषक.

उंची तीच राहिली. जोडीदार बदलल्या, दिग्दर्शक बदलले आणि भूमिका नव्यानं लिहिल्या गेल्या. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. निजिन्स्कीचंही असंच झालं होतं. तोही बुटका, जाड मांड्यांचा. फोकिननं १९११ मध्ये त्याच्यासाठी 'पेत्रुश्का' ही दुःखी बाहुली रचली, आणि त्या भूमिकेत तो अजरामर झाला. साचा मोडला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा कोणीतरी त्या शरीराकडे बघून नवीन काहीतरी लिहिलेलं असतं. ज्यांच्यासाठी कोणी लिहिलं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

स्वभावाचाही ठप्पा

शरीर बसलं तरी स्वभाव आडवा येतो. मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरमध्ये एकाच काळात दोन महान नर्तकी होत्या. गालिना उलानोव्हा हळवी, आतल्या आत जळणारी. १९५६ मध्ये लंडनमध्ये तिनं जिझेल आणि ज्युलिएट केली तेव्हा ती ४६ वर्षांची होती, आणि पोरसवदा मुलगी म्हणून लोकांनी तिला मान्य केलं. दुसरी माया प्लिसेत्स्काया. लाल केस, लांब हात, डोळ्यांत आग. तिचं 'स्वान लेक' गाजलं, 'डॉन किहोते'मधली खट्याळ किट्री गाजली. पण एवढ्या लांबलचक कारकिर्दीत तिनं जिझेल कधीच केली नाही. त्याच बॅलेत ती नाचली ती मिर्था म्हणून, पुरुषांना मरेपर्यंत नाचवणारी भुतांची निष्ठुर राणी.

अलीकडचं उदाहरण नतालिया ओसिपोव्हाचं. बोल्शोईत तिची ओळख म्हणजे किट्री, आणि तिची अचाट उडी. अशा मुलीला करुण भूमिका कशा द्यायच्या, असा प्रश्न जाणकारांना पडायचा. २०११ मध्ये ती आणि इव्हान वासिलिएव्ह, तोही बुटका, दणकट, पराक्रमी भूमिकांचा, दोघं बोल्शोई सोडून सेंट पीटर्सबर्गच्या तुलनेनं लहान कंपनीत गेले. देशातली सगळ्यात प्रतिष्ठेची नोकरी सोडण्याचं कारण त्यांनी कलेतलं स्वातंत्र्य असं दिलं. ओसिपोव्हा २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेत गेली, आणि आता तिची जिझेल बघायला लोक तिकिटं शोधत फिरतात.

वजनकाटा आणि कातडीचा रंग

कप्प्यांची ही पद्धत कुठे जाऊन पोचते, ते वजनाच्या गोष्टींतून कळतं. २००३ मध्ये बोल्शोईनं अनास्तासिया व्होलोच्कोव्हाला काढून टाकलं. कारण सांगितलं की ती उंच आणि जड आहे, जोडीदारांना उचलता येत नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं तिला परत घ्यायला लावलं.

२०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकानं 'नटक्रॅकर'मधल्या जेनिफर रिंगरबद्दल लिहिताना तिनं मिठाई जरा जास्तच खाल्लेली दिसते अशा अर्थाचा टोमणा मारला. ती नाचत होती 'शुगर प्लम' या मिठाईच्या परीची भूमिका, म्हणून ही शब्दकोटी. रिंगर खाण्यासंबंधीच्या आजारातून बाहेर आलेली होती आणि तिनं ते उघडपणे सांगितलंही होतं. सोशल मीडिया तापला. समीक्षकानं माघार घेतली नाही. शरीर हेच बॅलेचं साधन असेल तर त्याबद्दल बोललं जाणारच, असा त्याचा मुद्दा. रिंगरनंही माफी मागितली नाही आणि मागायलाही लावली नाही. तिचं वाक्चातुर्य बघता तो टोमणा तिनं त्याच्यापेक्षा चांगला पचवला.

मोठी माणसं बोलू तरी शकतात. २०१९ मध्ये व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीची चौकशी झाली, तेव्हा मुलांना बारीक राहण्यासाठी सिगारेट ओढण्याचे सल्ले दिले गेल्याचं अहवालात नोंदवलं गेलं. शाळकरी मुलांना.

आणि रंग. मिस्टी कोपलंड १३ व्या वर्षी बॅलेकडे आली, उंची १५७ सेंटिमीटर. अमेरिकन बॅले थिएटरमध्ये असताना तिला शरीर जरा 'लांब' करायला सांगण्यात आलं. या शब्दाचा अर्थ वजन कमी कर. बॅलेतली भाषा मोठी सभ्य असते. २०१५ मध्ये ती त्या कंपनीची पहिली कृष्णवर्णीय मुख्य नर्तकी झाली. २०१९ मध्ये तिनं इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला. 'ला बायादेर'साठी चेहरा आणि अंग काळं रंगवलेल्या दोन रशियन मुली. बोल्शोईनं हा बॅले वर्षानुवर्षं असाच होतो असं सांगून विषय संपवला, आणि ट्रोल झाली कोपलंडच. भारतातल्या गोष्टीत काळ्या रंगाची मुलं कोणत्या कप्प्यात बसतात, याचं ते उत्तर होतं. ती गंमत म्हणून नाचतात.

पॅरिस ऑपेरानं मात्र २०२१ मध्ये याच विषयावरचा अहवाल प्रसिद्ध केला आणि कातडी रंगवणं थांबवलं. दोन वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये सोलच्या दौऱ्यावर 'जिझेल' संपल्यावर पडदा पडायच्या आत २३ वर्षांच्या गियोम दिओपला 'एत्वाल' म्हणजे तारा हा सर्वोच्च दर्जा जाहीर झाला. या कंपनीतला तो पहिला कृष्णवर्णीय एत्वाल. त्या रात्री तो अल्ब्रेख्ट नाचला होता, म्हणजे थेट सरदाराची भूमिका, चौदाव्या लुईच्या काळापासून राखून ठेवलेला कप्पा.

दिओप उंच आहे, सडपातळ आहे, पाय लांब आहेत. नोव्हेर यांनी १७६० मध्ये जे माप लिहून ठेवलं, त्यात तो अगदी फिट्ट बसतो. १६८ सेंटिमीटरच्या मुलाला सोलोर हवा असेल, तर त्याला अजूनही आधी आपल्यापेक्षा बुटकी निकिया शोधावी लागते.